ट्रेबल पूर्ण उजवीकडे

आमच्या घरी जॅझ ऐकायचा म्हणजे आधी दात घट्ट मिटायचे. मला वाटायचं, सगळीकडे असंच करतात. काही गोष्टी आवडून घ्याव्या लागतात आणि जॅझ ही त्यातली सगळ्यात उच्च प्रतीची गोष्ट, असा माझा पक्का समज होता. सॅक्सोफोन सुरू झाला की कानशिलातून तार ओढल्यासारखं व्हायचं. झांज वाजली की तापलेल्या तव्यावर कुणीतरी मूठभर पाणी फेकतंय असं वाटायचं, आणि जॅझमध्ये झांज जवळजवळ सतत वाजते. बाबा मात्र त्यांच्या खुर्चीत डोळे मिटून बसलेले असायचे. चेहऱ्यावर इतकं समाधान, की बघणाऱ्याला स्वतःचीच लाज वाटावी. मग मीही डोळे मिटायचे. आत मी रेकॉर्डची बाजू संपायची वाट बघत असे, पण ते बाहेरून दिसत नाही.

आई अशी ढोंगं करत नसे. बाबांनी रेकॉर्ड काढली की ती स्वयंपाकघरात जायची आणि दार लावून घ्यायची. "तुमचं झालं की सांगा," म्हणायची, "मग मी माणसांत येते."

बाबांचं काम कान तपासण्याचं. ते डॉक्टर नाहीत. दवाखान्यात डॉक्टरीणबाई पुढच्या खोलीत बसतात. मागच्या खोलीत कपाटाएवढी एक बंद पेटी आहे, तिला छोटी काचेची खिडकी. आत पेशंट हेडफोन लावून आणि हातात बटण धरून बसतो, बाहेर मशीनपाशी बाबा. ते एकेक आवाज सोडतात, आधी ठळक, मग हळू, मग त्याहून हळू. ऐकू आला की पेशंटने बटण दाबायचं, म्हणजे बाबांसमोरचा बारका दिवा लागतो. पेटीचं जाड दार लावण्याआधी ते प्रत्येकाला तेच सांगतात. "कितीही बारीक आला तरी दाबा. पण आला तरच दाबा. अंदाजाने दाबू नका. इथे कुणी नापास होत नाही."

जॅझ त्यांना लागला तोही या पेटीतच. त्यांच्याआधी तिथे जे म्हातारे गृहस्थ होते, ते रोज सकाळी हेडफोन नीट चालतात का हे बघायला जॅझची एक कॅसेट लावायचे, कारण तिच्यात खालच्या जाड बासपासून वरच्या बारीक झांजेपर्यंत सगळे आवाज होते. नव्याने कामाला लागलेले बाबा पेटीत बसून उजवा कान, डावा कान करता करता त्या झांजेत अडकले. "बाहेरचं जग बंद होतं," ते सांगतात, "आणि कुणीतरी माझ्या कानाशी वाळू चाळत होतं." ती वाळू घरी आणायची, एवढाच मग त्यांचा आयुष्यभराचा उद्योग झाला. सुई बदलली, वायर बदलल्या, स्पीकर बदलले. स्पीकरांसाठी कपाट हललं, कपाटासाठी पलंग हलला, आणि पलंगासाठी मी अभ्यासाचं टेबल घेऊन गॅलरीत गेले. खुर्चीच्या चार पायांखाली फरशीवर खडूने खुणा केलेल्या. आई झाडून घेताना त्या मुद्दाम पुसायची आणि बाबा न बोलता परत काढायचे.

तरीही वाळू काही नीट चाळली जाईना. ज्या दुकानातून हे सगळं यायचं, तो रेडिओवाला शेवटी वैतागून म्हणाला, "काका, तुमच्या घरात आता बदलण्यासारख्या फक्त भिंती राहिल्यात." बाबांनी ती सूचना मनावर घेतली आणि जाड पडदे शिवून आणले.

ॲम्प्लिफायरवरचा ट्रेबलचा नॉब, म्हणजे बारीक आवाज वाढवायचा, मी शाळेत असताना मध्यभागाच्या जरासा पुढे होता. कॉलेजात गेले तेव्हा तो बराच पुढे होता. पुढे एम.ए.ला आले तेव्हा तो पूर्ण उजवीकडे, अगदी अडेपर्यंत फिरवलेला असायचा. घड्याळाचा काटा सरकताना दिसत नाही, तसा हाही कुणाला दिसला नाही. दिसला असता तरी मी काही बोलले नसते. तोवर मी जॅझची जाणकार झाले होते.

हे जरा सांगायलाच हवं. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी मी 'शहरी कवितेतला धातूचा आवाज' असा एक निबंध लिहिला आणि त्यात चार पानं जॅझवर लिहिली. जॅझ हा मुळातच टोचणारा आवाज आहे. तो ऐकणाऱ्याला स्वस्थ बसू देत नाही, कारण शहराने त्याला स्वस्थ बसू दिलेलं नाही. त्याच्या झांजेत कारखान्याची पाती फिरत असतात, वगैरे. 'दातांच्या मुळाशी ऐकू येणारं संगीत' असा एक शब्दप्रयोगही केला होता आणि त्यावर मी दोन दिवस खूश होते. सरांनी समासात लिहिलं, 'अगदी स्वतंत्र निरीक्षण.' स्वतंत्र होतं यात शंकाच नाही. जगात दुसऱ्या कुणी ते केलेलं असणं शक्यच नव्हतं, त्यासाठी आमच्या हॉलमध्ये येऊन बसावं लागलं असतं.

आणि एकदा खरंच एकजण येऊन बसला.

तो माझा मित्र. संध्याकाळी एका हॉटेलात बँडमध्ये ड्रम वाजवायचा. बाबांना भेटायची त्याला फार इच्छा होती, कारण मी त्यांचं वर्णनच तसं केलं होतं.

"मित्र म्हणजे?" आईने विचारलं.

"मित्र म्हणजे मित्र."

"आणि वाजवतो म्हणजे? पोटापाण्याला काय करतो?"

"वाजवतोच."

"बरं," आई म्हणाली. "मग जेवायलाच थांबव. अंगावर जरा काही चढेल."

रविवारी सकाळी तो आला. बाबांनी त्याला स्वतःच्या खुर्चीत बसवलं, हा मान आजवर मलाही मिळाला नव्हता. आईने त्याला आपादमस्तक न्याहाळलं, चहा दिला आणि नेहमीप्रमाणे स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. बाबांनी त्यांची सगळ्यात लाडकी रेकॉर्ड काढली, छोट्याशा क्लबात लोकांसमोर वाजवलेली. पुसली, सुई ठेवली. मी दात मिटले. ड्रमवाल्याने मात्र ते आधी मिटलेले नसल्यामुळे झांज सुरू होताच त्याच्या हातातला चहा बशीत सांडला.

थोडा वेळ तो सभ्यपणे बसून राहिला. मग म्हणाला, "काका, एक विचारू? राग मानू नका. हे ट्रेबल..."

"हो, अजून थोडं कमीच पडतंय," बाबा म्हणाले. "पण नॉब पुढे जातच नाही. नवीन ॲम्प्लिफायर बघतोय."

"मी हात लावून बघू का?"

त्याने नॉब मध्यावर आणला.

काय झालं ते मला नीट सांगता येईल असं वाटत नाही, आणि माझ्या शब्दप्रयोगांवर आता फारसं कुणी विश्वास ठेवू नये. खोलीत सावली आल्यासारखं वाटलं. सॅक्सोफोन म्हणजे एक माणूस होता आणि तो श्वास घेत होता. मागे ड्रमच्या कातड्यावरून कुणीतरी तारेचा ब्रश गोल गोल फिरवत होतं, अगदी आरामात, आपल्याला कुणी ऐकतंय का याची फिकीर नसल्यासारखं. माझा जबडा आपोआप सैल झाला. माझी चार पानं त्याच क्षणी वारली.

स्वयंपाकघराचं दार उघडलं. आई हात पुसत बाहेर आली. "आज लवकर बंद केलंत?" मग थबकली. "अगंबाई, चालू आहे होय? हे बरं आहे की. हे कधी आणलंत?"

बाबा स्पीकरकडे बघत होते. "ब्रश गेला," ते म्हणाले. "झांजही गेली. तू बंद केलंस काहीतरी."

"नाही काका. आहे की. ही बघा, आत्ता, ही."

"कुठे?"

आम्ही तिघांनीही बोटं दाखवली. आईनेसुद्धा. हवेत दाखवण्यासारखं तिथे काहीच नव्हतं, तरी दाखवली. बाबांनी आमच्या बोटांकडे पाहिलं, मग एकेकाच्या चेहऱ्याकडे. पेटीच्या काचेतून रोज पेशंटकडे बघतात तसंच पाहिलं, आणि त्यांना कळलं, आम्हालाही कळलं. मग त्यांनी उठून नॉब परत उजवीकडे नेला, रेकॉर्ड संपेपर्यंत उभेच राहिले आणि म्हणाले, "चला, पानं घ्या."

त्यानंतर घरात रेकॉर्ड लागली नाही. आईला इतकी वर्षं हवी असलेली शांतता मिळाली आणि ती तिला अजिबात मानवली नाही. ती उगाच भांडी आपटायची. "लावा की हो काहीतरी," एकदा म्हणालीसुद्धा. "ते पाणी उकळल्यासारखं असतं ना, ते लावा."

"कान तपासून घ्या, बाबा," मी म्हणाले.

"दरवर्षी तपासतो. स्वच्छ आहेत."

"कोण तपासतं?"

"मीच. मशीनमध्ये आपोआप चालणारी तपासणी असते."

"मग आता मी घेते."

"तू?" ते हसले. मग हसू मावळलं. "घेऊन काय करायचं सांग. कमी निघालं तर मशीन घालावं लागेल. मी आयुष्यभर लोकांच्या कानांत ती मशीनं बसवतोय. ती माणसांच्या बोलण्यासाठी केलेली असतात. बोलणं कळतं. पण गाणं ऐकणारा प्रत्येक पेशंट परत येऊन एकच सांगतो, की गाणं पत्र्याच्या डब्यात घालून हलवल्यासारखं लागतं. मी म्हणतो, होईल सवय. ते जातात. सवय झाली का, हे मी कुणालाच विचारलेलं नाही." थांबून म्हणाले, "आत्ता निदान जे काही आहे, ते मला जॅझसारखं लागतंय गं."

साहित्याच्या पदव्युत्तर शिक्षणात अशा प्रसंगासाठी काहीही शिकवत नाहीत. मी फक्त त्यांच्या मागे लागले, आणि चिकटपणा हा माझा एकमेव सिद्ध झालेला गुण असल्यामुळे शनिवारी दुपारी, पेशंट नसताना, ते मला दवाखान्यात घेऊन गेले.

मशीन कसं चालवायचं ते त्यांनी मला तीन वेळा दाखवलं. दाबायचं, धरायचं, सोडायचं. दिवा लागला की आवाज कमी करायचा, नाही लागला की वाढवायचा. मग ते पेटीत जाऊन बसले, हेडफोन लावले आणि काचेतून मान हलवली. ठळक, जाड आवाज झकास गेले. मी सोडायचे, दिवा लागायचा. मग बारीक आवाजांची पाळी आली. तोच ताल, तीच वाट पाहणं, आणि दिवा लागतच होता. मी आवाज कमी करत गेले, तरी लागत होता. मला वाटलं, गंमतच आहे. बाबांचे कान ठणठणीत आहेत आणि आम्ही तिघं वेडे.

आणि माझी गफलत झाली. पुढचा आवाज कुठला, हे मी विसरले. मशीनकडे वाकून आकडे वाचू लागले, चष्मा घसरला, तो सावरला. तेवढ्यात दिवा लागला.

मी काहीच सोडलं नव्हतं.

मी हात मांडीवर घेतले. जरा वेळाने दिवा परत लागला. थोडं थांबून आणखी एकदा, बरोबर मापात. मी काचेतून पाहिलं. बाबा डोळे मिटून बसले होते, चेहऱ्यावर तेच समाधान, हॉलमधल्या खुर्चीतलं. ते खोटेपणा करत नव्हते. आयुष्यभर ज्या तालावर ते आवाज सोडत आले, तो ताल त्यांच्या अंगात इतका मुरला होता की आवाज यायच्या जागी त्यांना आवाज ऐकू येत होता.

मी मायक्रोफोनचं बटण दाबलं. "बाबा, मी काही लावलेलंच नाहीये."

त्यांनी डोळे उघडले. "कधीपासून?"

"मघापासून. माझा गोंधळ झाला."

ते हातातल्या बटणाकडे बघत राहिले. मग हेडफोन सारखा केला. "अंदाजाने दाबू नका म्हणून लोकांना दमात घेतो मी," ते म्हणाले. "ठीक आहे. पहिल्यापासून घे. पण ताल धरू नकोस. मध्येच थांब, मध्येच दोनदा सोड. मला पत्ता लागता कामा नये."

"ते मला जमेल," मी म्हणाले. ड्रमवाल्याने एकदा मला साधे चार ठोके शिकवायचा प्रयत्न केला होता आणि शेवटी म्हटलं होतं, तू ऐकत जा, तेवढं पुष्कळ आहे. त्या दुपारी माझ्या बेतालपणाला आयुष्यात पहिल्यांदा कामधंदा मिळाला. मी इतकं वेडंवाकडं वाजवलं की कुणालाही अंदाज बांधता आला नसता. बारीक आवाजांना दिवा लागला नाही. मी वाढवत गेले, वाढवत गेले, तरी लागला नाही. बाबा डोळे उघडे ठेवून बसले होते.

मशीन त्यांनी स्वतःच निवडलं, दोन्ही कानांचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता तरी पेशंटवर कमी ओरडाल." घरी आल्यावर पहिल्या दिवशी ते सगळ्यांवर चिडले. वर्तमानपत्र इतकं करकरतं? आई चालताना चपला अशी फरपटवते? माझं पेन कागदावर खरवडतं, ते तसंच खरवडणार असेल तर मी गॅलरीचं दार लावून लिहावं. मग संध्याकाळी त्यांनी रेकॉर्ड लावली, नॉब मध्यावर ठेवला आणि बसले. अर्ध्या गाण्यात मशीनं कानातून काढून टेबलावर ठेवली.

"डबा," ते म्हणाले.

आई त्यांच्याकडे बघत होती. तिने जाऊन रेकॉर्ड बंद केली. तिला सुई उचलता येते हे मला माहीत नव्हतं.

पण बाबा गप्प बसणाऱ्यातले नव्हते, हे बरं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून येताना ते मशीन जुळवायची वायर आणि प्रोग्राम घेऊन आले. "हे यंत्र स्वतःला फार हुशार समजतं," मला म्हणाले. "सतत चालणारा बारीक आवाज म्हणजे पंख्याचा, गाड्यांचा त्रास, असं ते धरून चालतं आणि दाबून टाकतं. झांजेला ते पंखा समजतंय. मोठा आवाज आला की घाबरून सगळंच खाली ओढतं. याची हुशारी काढून घ्यायला हवी." मला हे वर्णन ओळखीचं वाटलं. झांजेला कारखान्याची पाती समजणारं आणखी एक यंत्र त्या घरात होतं.

त्यांनी गाण्यासाठी वेगळी मांडणी केली, हुशारी बंद केलेली. पण किती काढायची, किती ठेवायची, हे ठरवायला खरी झांज कशी वाजते ते ठाऊक हवं, आणि त्यांना ते आता आठवेना. जे आठवत होतं त्याच्यावर त्यांचाच भरवसा उरला नव्हता. ड्रमवाल्याला निरोप गेला. तो एक झांज, एक छोटा ड्रम आणि ब्रश घेऊन आला. आईने त्याला न्याहाळलं नाही, थेट विचारलं, "भूक आहे ना?"

खडूच्या खुणांच्या बरोबर मधोमध त्याने झांज उभी केली. तो वाजवायचा, बाबा मांडीवरच्या लॅपटॉपवर काहीतरी सरकवायचे. "परत." तो वाजवायचा. "कडेला मार. आता मधे. आता ब्रश." दुपार अशीच गेली. मी मधूनमधून मत द्यायला तोंड उघडत होते, पण दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही आणि ते योग्यच होतं. शेवटी बाबांनी लॅपटॉप बाजूला ठेवला. ब्रश कातड्यावरून फिरत होता.

"अशीच असते ही?" त्यांनी विचारलं.

"माझी तरी अशीच आहे, काका. चांगल्या वाजवणाऱ्याची याहून बरी असते."

बाबांनी लाडकी रेकॉर्ड लावली. सुरुवातीलाच त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"खोकतंय कोण?"

मी म्हणाले, मी नाही. ड्रमवाला म्हणाला, मी नाही.

"रेकॉर्डमध्ये. लोक खोकतायत. ग्लास ठेवतायत. एक बाई तर हसतेय!" त्यांचा आवाज दुखावल्यासारखा होता. "इतकी वर्षं मी हिला ऐकतोय आणि ही तिथे बसून हसत होती?" मग ते पुढे झुकले. "हा ड्रम माझ्या आठवणीतल्यासारखा नाही. मी याला फार नाजूक समजत होतो. हा तर दांडगट आहे." पुन्हा ऐकलं. "आणि जरा डब्यातलं आहे, अजूनही. तेवढं राहणार."

"बंद करू का?" मी विचारलं.

"हात लावू नकोस."

त्यांचे डोळे उघडे होते. जॅझ ऐकताना मी ते पहिल्यांदाच उघडे पाहत होते. ते स्पीकरकडे बघत होते, अनोळखी माणूस दारात उभा राहून काही सांगत असावा आणि त्याचं पूर्ण ऐकून घ्यायचं ठरवलेलं असावं, तसे. आई स्वयंपाकघरातून आली आणि पलंगाच्या कडेवर टेकली. दोन मिनिटं ऐकलं, जे तिच्या मानाने खूप होतं.

"अहो," ती म्हणाली, "हे मागे वाजवतोय तो कोण?"

ही गोष्ट घरातल्या कुणीतरी एकदा विचारावी, म्हणून बाबांनी किती वर्षं काढली होती. त्यांना त्या माणसाचं नाव ठाऊक होतं, गाव, इतर रेकॉर्डी, सगळं. त्यांनी तिच्याकडे न बघता हात वर केला.

"थांब जरा," ते म्हणाले. "मलाही आत्ताच कळतोय."